वायनं संपणारे शब्द

गेवराईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, रशीदभाईंच्या बॅटरीच्या दुकानावर माझा टायपिंगचा क्लास होता. 'होता' म्हणायची जिभेला अजून सवय झालेली नाही. आधी खडखडणारी यंत्रं होती, मग संगणक आले, आणि आता मी सगळाच पसारा आवरला. माझ्या हाताखालून गेलेली बोटं तालुक्यात कुठल्या कुठल्या ऑफिसांत चालतात ते मला ठाऊक नाही. पण कुठल्याही खिडकीशी उभी राहिले की आतून कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, तुमी कशाला रांगेत? आत या की." तेवढं ऐकण्यासाठी ही बाई काम नसताना तहसीलला जाते, असं आमच्या घरात बोललं जातं. मी ते खोडून काढत नाही.

टायपिंग म्हणजे बोटांचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर ते डोळे आवरायचं काम आहे. नजर फक्त समोरच्या उताऱ्यावर ठेवायची. बोटांकडं बघायचं नाही आणि पडद्याकडंही बघायचं नाही. मधल्या ओळीवर आठ बोटं बसलेली असतात, ते त्यांचं घर. बाकीच्या अक्षरांना तिथून भेटायला जायचं आणि लगेच घरी यायचं. यात वाय पडतो लांब. उजव्या हाताची तर्जनी 'जे' ह्या इंग्रजी अक्षरावर बसलेली असते, तिला वर आणि डावीकडं चांगलंच ताणावं लागतं. नवी मुलं तिकडं निघाली की हटकून टी नाहीतर यू दाबून परत येतात. शिवाय आमच्या गल्लीतून वाळूचे टिप्पर जायचे. पावसाळा सोडला तर क्लासमधल्या प्रत्येक वस्तूवर गोदावरीचा थर असे, आणि का कोण जाणे, अडकायचं ते वायचंच बटण.

आता सरकारी इंग्रजी बघा, ते वायवरच पोसलेलं आहे. ड्युटी, कॉपी, सॅलरी, एन्क्वायरी, फॅमिली; मग अप्लाय, रिप्लाय, सर्टिफाय. हे शब्द एकटेदुकटे कधी येत नाहीत, अनेकवचनात नाहीतर भूतकाळातच येतात. नियम असा की वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय काढायचा आणि आय-ई-एस लावायचं. आधी स्वर असेल, जसं बॉय, डे, सर्व्हे, तर वायला हात लावायचा नाही, नुसता एस जोडायचा. क्रियापदालाही तीच रीत. अप्लायचा भूतकाळ करायचा तर वाय जाऊन आय-ई-डी. पण पुढं आय-एन-जी लावायचं असेल तर तोच वाय मुकाट्यानं जागेवर राहतो, कारण दोन आय शेजारी शेजारी बसलेले इंग्रजांना बघवत नाहीत. आणि पे, से असल्या मंडळींनी नियम गुंडाळूनच ठेवलेला. पेचं पेड लिहिताना आधी स्वर असूनही वाय गायब. वर्गातलं कोणी यावर कुरकुरलं की मी विचारायचे, "आपण 'करला' म्हणतो का 'केला'? मग?" त्यावर वर्ग गप्प व्हायचा, पण पटल्यासारखा दिसायचा नाही.

टायपिस्टला हे काहीच यावं लागत नाही. समोर उतारा असतो, तो बघून मारायचा, संपलं. तरी मी शिकवायचे. परीक्षा झाल्यावर ऑफिसात उतारा कोण देणार? तिथं पत्र आपल्याच डोक्यातून काढावं लागतं.

मी इंग्रजीची पदवीधर नाही. त्यामुळं वाय का जातो, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता. तो पाडला एका हॉटेलवाल्यानं. हायवेवर नवीन हॉटेल टाकणारे एक आण्णा एक दिवस जिना चढून वर आले. घरची भरपूर जमीन, माजी सरपंच, मागं दोन माणसं. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "मॅडम, बोर्ड करायलाय. फॅमिलीवाल्यांची बसायची सोय येगळी केली. लई फॅमिल्या येत्यात. तर ते इंग्रजीत कसं लिवायचं तेवढं सांगा."

मी कागदावर लिहून दिलं. आण्णांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला.

"वाय कुठं गेला?"

"तो जातो आण्णा. अनेकवचनात त्याचा आय होतो."

"कावून?"

मला उत्तर आलं नाही. आण्णांनी ते ओळखलं. "फॅमिली वायनी संपती हे पोरासोरांनाबी म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्योच काढला तर लोक म्हणतील, आण्णाला स्पेलिंग येत न्हाई."

मागचा माणूस हळूच म्हणाला, "आण्णा, मॅडम शिकेल हायत."

"आसतील की. पन बोर्ड माझा हाय."

बोर्ड लागला. वाय ऐटीत जागेवर आणि त्याच्यापुढं एस. अजून आहे. पिठलं-भाकरी तिथं फार चांगली मिळते, म्हणून मी जाते आणि बोर्डाकडं पाठ करून बसते.

आण्णांचं ते 'कावून' मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर ओळखीचे होते, त्यांना गाठलं. ते म्हणाले, नियमच आहे. नियम कोणी केला विचारलं तर म्हणाले, भाषेनं. मग मी घरी, दारी, भाजी निवडताना त्याचाच विचार करायला लागले. एका सकाळी जिना चढत होते, तेव्हा खाली रशीदभाई फोनवर कोणाला तरी झापत होते, "अरे, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बोललो होतो बे, मोटारसायकलच्या बॅटऱ्या कावून धाडल्या?" मी पायरीवरच थांबले. बॅटरीच्या बॅटऱ्या. कंपनीच्या कंपन्या. डायरीच्या डायऱ्या, पार्टीच्या पार्ट्या. आणि आपली नदी घ्या, तिच्या नद्या. वहीच्या वह्या. इंग्रजीत वायचा आय होतो आणि आपल्याकडं बरोबर उलट, ईचा य होतो. म्हणजे अनेकवचनाची घाई झाली की ही दोन अक्षरं तिकडंही एकमेकांच्या जागी जातात आणि इकडंही. पुढं जाऊन बघावं तर सोयच्या सोयी, सवयच्या सवयी, गायच्या गायी. य स्वराच्या मागं आला की तो हलत नाही, बॉयमधला वाय हलत नाही तसाच. मला इतका आनंद झाला की मी तशीच खाली उतरून रशीदभाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, इन्व्हर्टरचं पानी बघायचं का?"

हे शोध पंडितांच्या दरबारात टिकतील की नाही, मला माहीत नाही. वर्गात मात्र टिकले. वायनं संपणारे शब्द मुलं नंतर सहसा चुकली नाहीत. फक्त एका बाईचं गाडं त्याच शब्दांवर अडायला लागलं, आणि तिच्याबद्दल सांगण्यासाठीच मी एवढं लिहिते आहे.

नसीमा क्लासला आली ती नोकरी लागल्यावर. एरवी लोक नोकरीसाठी टायपिंग शिकतात, हिचं उलटं होतं. तिचा नवरा तालुक्याच्या एका ऑफिसात शिपाई होता. तो तापाचं निमित्त होऊन गेला. मागं म्हातारी सासू आणि दोन मुली. नसीमा पदवी झालेली, म्हणून अनुकंपा तत्त्वावर तिला त्याच ऑफिसात कारकून म्हणून घेतलं. पण अट अशी असते की ठरलेल्या मुदतीत टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, मराठीची नाहीतर इंग्रजीची. नाही झाली तर नोकरी जाते. तिची मुदत संपत आली होती आणि हातात एकच परीक्षा उरली होती.

"मराठी घे ना," मी म्हटलं. "वेग कमी लागतो."

"मराठी बोलाय लई येतं मॅडम, पन लिवायला बसले की काना कुठं नि मात्रा कुठं. उर्दू शाळेतली हाय ना मी. इंग्रजीच द्या."

पहिल्या दिवशी मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. तिनंच थांबवलं. "मला आगं-तुगं करा मॅडम. ऑफिसात समदे मॅडम म्हणत्यात नि त्वांड फिरवत्यात."

बोटं चांगली होती. ऑफिस सुटलं की यायची, ओढणी डोक्यावरून नीट घेऊन पाठ सरळ करून बसायची आणि घरी जायची वेळ झाली तरी उठायची नाही. थोड्याच आठवड्यांत वेग आला. म्हणजे यायला हवा होता. पण घड्याळ लावलं की कमी भरायचा. टकटक छान चाललेली असायची आणि मधेच बंद पडायची. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी मागं उभी राहून पाहिलं तर थांबण्याच्या जागा ठरलेल्या. ड्युट्या आल्या की थांबली. कॉप्या आल्या की थांबली. अप्लाइड आलं की थांबली.

मला आधी वाटलं, बोट पोचत नसेल. म्हणून वायचेच शब्द दिले: माय, बाय, दे, इयर. भराभर मारले. मग वाटलं, ई आणि एसला डाव्या हाताची शेजारशेजारची बोटं लागतात, ती एकमेकांत अडकत असतील. येस, ट्रीज, डज असे शब्द दिले. तेही सरळ गेले. मग एकच उरलं, नियम कळला नसेल. तिला समोर बसवून माझा नद्या-वह्यांचा सगळा पाठ म्हणून दाखवला. ती ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आमच्यातबी तसंच हाय की मॅडम. लडकी-लडकियाँ. कुर्सी-कुर्सियाँ. ईच्या म्होरं या येतोच."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हे मला सुचलं नव्हतं. एवढं जिला कळतं ती त्याच शब्दाला का अडते? मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. आणि नियम पक्का झाल्यावर तर तिचं थांबणं वाढलं.

मग मी तिच्या बोटांकडं बघायचं सोडून पडद्याकडं बघितलं. तेव्हा उलगडा झाला. ती शब्द पहिल्या फटक्यात बरोबर मारत होती. मारल्यावर उजव्या करंगळीनं बॅकस्पेसचं बटण दाबून मागं जायची, आय-ई-एस खोडायची, उताऱ्यात बघायची आणि पुन्हा तेच आय-ई-एस मारायची. जुन्या यंत्रावर ही सोयच नव्हती. चुकलं ते कागदावर उमटलं, पुढं चला. संगणकानं खोडायची सोय दिली आणि विद्यार्थ्यांची मागं जायची सवय वाढली. चुकीपेक्षा चूक दुरुस्त करण्यात जास्त वेळ जातो, हे मी घसा कोरडा करून सांगायचे. पण चुकलेलं खोडणारे मी पुष्कळ पाहिले होते. बरोबर असलेलं खोडणारी ही पहिलीच.

"बरोबर होतं की गं. का खोडलंस?"

"तपासते मॅडम."

"अगं, पण बरोबर होतं."

"हाव. पन खात्री कुठं?"

मी रशीदभाईंकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि तिच्या कीबोर्डवरचं बॅकस्पेसचं बटणच उचकटून काढलं. दात पडल्यासारखी तिथं फट दिसायला लागली. बाकीची मुलं हसली, नसीमा हसली नाही. पहिले काही दिवस हाल झाले. करंगळी सवयीनं वर जायची, तिथं काहीच नाही म्हणून अधांतरी राहायची आणि सगळाच हात थांबायचा. वेग होता त्याहून खाली आला. परीक्षा जवळ येत होती. मी घरी चिडचिड करायला लागले. एका बाईची नोकरी माझ्या हातून जाणार, असं मला वाटायला लागलं होतं.

शेवटचा उपाय माझ्या जुन्या सरांचा होता. मी ज्यांच्याकडं शिकले ते सर, विद्यार्थी टायपिंग करत असला की शेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि गप्पा मारायचे. काय जेवलास, गावाकडं पाऊसपाणी कसं आहे, बहिणीचं जमलं का. आणि उत्तर द्यायचं, बोटं थांबवायची नाहीत. ज्याला बोलता बोलता मारता येतं तो तयार झाला, ही त्यांची कसोटी. तोंड गुंतलं की डोकं बोटांच्या कामात लुडबुड करत नाही. मीही तोच रिवाज चालवला होता, पण तो तयार विद्यार्थ्यांसाठी. अडलेल्या बाईवर मी तो कधी वापरला नव्हता.

रविवारी क्लास रिकामा असताना तिला बोलावलं. उतारा लावला आणि स्टूल घेऊन बसले. "काय केलंस आज स्वयंपाकाला?"

"खिचडी नि चिंचेचा खट्टा." टकटक सुरू.

"मुली काय करतात?"

"मोठी सानिया, ती शिकती. धाकटी नुसती भांडती." टकटक चालूच. एन्क्वायऱ्या आल्या. करंगळी उचलली गेली, हात थांबला.

"बोलत राहा. ऑफिसात तुझं टेबल कुठं आहे?" मी विचारलं. का विचारलं मला माहीत नाही, दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं.

तिची बोटं पुन्हा चालू झाली. "खिडकीपाशी. सानियाचे अब्बा त्याच टेबलावर पानी ठिवायचे रोज. मी तिथं बसले तवा पयल्या दिवशी मला पानी पिववंना." नजर उताऱ्यावरच होती. "पयलं पत्र मला लिवायला दिलं मॅडम. गावातल्या फॅमिल्यांची माहिती पाठवायची होती. मी फॅमिलीला वाय तसाच ठिवला नि एस लावला. हेडक्लार्कनी समद्यांच्या म्होरं वाचून दाखवलं. मोठ्यानी. लोक हासले. मग ते म्हणले, तुमचे मालक बरे होते, पानी तरी येळेवर आणायचे."

टकटक चालू होती.

"मला सांगितलं हाय त्यांनी. नापास झालात तर शिपायाची जागा बघू म्हणले. तुमच्या घरात ते काम म्हाईतच हाय म्हणले. काम वाईट न्हाई मॅडम. त्यांनी ते इमानानं केलं. पन ते मला रोज म्हणायचे, तू शिकेल हायेस, तू येक दिवस खुर्चीत बसशील. मी बसले, तर ते बघाया न्हाईत. नि आता ती खुर्चीबी गेली तर मी त्यांना काय सांगू?"

उतारा संपला तेव्हा तिची बोटं थांबली. मी पडद्याकडं पाहिलं. ड्युट्या, कॉप्या, रिप्लाइड, आणि मधे एका ओळीत फॅमिल्यासुद्धा होत्या. सगळ्या सरळ गेल्या होत्या. मी घड्याळ पाहिलं. तिला विचारलं, "वेग किती झाला माहीत आहे?" तिला ते ऐकू आलं नसावं, कारण ती ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती. मला त्या हेडक्लार्कचा इतका राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. तसा तो माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या पोरीनं माझ्याकडंच टायपिंग केलं.

मग परीक्षेपर्यंत रोज हेच. मी स्टुलावर, ती बोलतेय आणि बोटं चालतायत. नवरा तिला कुठल्या टोपणनावानं हाक मारून चिडवायचा, त्याला वांगं कसं आवडायचं नाही, सासू अजून त्याच्या चपला दारातून हलू देत नाही. मला वाटतं, तो गेल्यापासून हे ऐकायला तिला कोणी बसलेलं मिळालं नव्हतं. घरात म्हातारीसमोर बोलायचं नाही, पोरींसमोर रडायचं नाही, ऑफिसात तर सोयच नाही. वेग वाढत गेला आणि मला एक नवीनच घोर लागला. परीक्षेला मी स्टूल घेऊन थोडीच बसणार होते. तिथं तर तोंडातून शब्द काढायची बंदी.

परीक्षेचं केंद्र बीडला होतं. दरवर्षीप्रमाणं मी मुलांबरोबर एसटीनं गेले. नसीमा खिडकीशी बसून होती. केंद्राच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली आम्ही क्लासवाले ताटकळत उभे असतो, कोणाचा विद्यार्थी कसा तोंड करून बाहेर येतो ते बघत. तिची तुकडी सुटली. ती सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही.

"उताऱ्यात आले का गं ते शब्द?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला.

"आले आसतील मॅडम. मला कळलंच न्हाई."

"म्हणजे?"

"मी बोलत होते."

"परीक्षेत? कोणाशी?"

"त्वांड बंद होतं," ती म्हणाली. "मनात. सानियाच्या अब्बाशी. शेजारी तुमी न्हाईत म्हणून त्यांनाच बसवलं. म्हणलं, बसा जी जरा, स्टूल हाय. सगळं सांगितलं त्यांना. सानियाची शाळा, अम्मीचा गुडघा, हेडक्लार्क. ते म्हणले, इत्ती जल्दी जल्दी कायकू बोलरई? म्या म्हणलं, टाइम लगाए लोगां, घड्याळ चालू हाय, ऐकून घ्या."

"मग ते काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? हयातीतबी मीच बोलायची, ते ऐकायचे." एवढं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. लिंबाखालचे बाकीचे क्लासवाले माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, माझी विद्यार्थिनी नापास झाली.

ती पास झाली. नोकरी पक्की झाली. त्या ऑफिसात आता इंग्रजी पत्रं तिच्याकडंच जातात आणि फोन आपोआप स्पेलिंग सुधारून देतो त्या दिवसांतही ती वायचा आय स्वतःच्या हातानं करते. निकालाच्या दिवशी माझ्या टेबलावर तिच्या सासूनं केलेल्या शिरखुर्म्याचा डबा आला, ईद नसताना.

त्यानंतरच्या रविवारी ती पुन्हा वर आली. मला वाटलं, काही राहिलं असेल. दाराशीच उभी राहून म्हणाली, "मॅडम, जरा बसू का टायपिंगला?"

"आता कशाला? पास झालीस की."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरी बोलून बघितलं त्यांच्याशी. जमंना. इथंच येत्यात ते."

मी तिला उतारा लावून दिला.

क्लास बंद केला तेव्हा संगणक सगळे विकले, एक सोडून. तो आता माझ्या घरी पुढच्या खोलीत आहे. रविवारी दुपारी नसीमा येते, कुठलाही जुना उतारा पुढं घेते आणि मारत बसते. ओठ हलत असतात, आवाज नसतो. मी आत जाऊन चहा ठेवते आणि टकटक थांबेपर्यंत तो बाहेर आणत नाही.